दत्तक आणलेला भेदरलेला कुत्रा घरात शू करतो, वस्तू फाडतो: कुठून सुरुवात करायची?

नवीन कुत्रा घरी येतो आणि पहिल्याच आठवड्यात गालिच्यावर शू होते, दाराची चौकट कुरतडली जाते, उशीचा कापूस खोलीभर पसरतो. घरच्यांना वाटतं, याला कुणी काही शिकवलेलंच नाही, नाहीतर हा मुद्दाम करतोय. मुद्दाम तो नक्कीच करत नाही. शिकवलेलं नसणं शक्य आहे, पण भेदरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ते अर्धंच कारण असतं. उरलेलं कारण भीती, आणि भीती शिस्तीने जात नाही.

अडचण अशी की घरात झालेली शू दिसायला सारखीच असली तरी तिच्यामागची कारणं पाच-सहा वेगवेगळी असतात. एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात उलटा पडतो. म्हणून शिकवायला घेण्याआधी एक साधी गोष्ट करा: वही ठेवा.

वही

प्रत्येक वेळी शू, शी किंवा नासधूस झाली की पाच गोष्टी लिहा: किती वाजता, कुठे, किती प्रमाणात, त्याआधी पाच मिनिटांत काय घडलं, आणि तो शेवटचा बाहेर कधी जाऊन आला. चार-पाच दिवसांत चित्र दिसायला लागतं.

मोठं थारोळं, बाहेर जाऊन बरेच तास झालेले: मूत्राशय भरलं होतं, वेळापत्रक चुकलं. खुर्चीच्या पायावर, पडद्याच्या कडेला, दाराच्या कोपऱ्यात चमचाभर: हद्द आखणं. कुणी घरात आलं, वाकून हात पुढे केला, आवाज चढवला आणि कुत्रा खाली बसता बसता थोडी शू झाली: ती शरणागतीची शू. फक्त घरात कुणी नसतानाच होते, तीही दाराजवळ: एकटेपणाची धास्ती. झोपलेल्या जागेवर ओल, आणि उठल्यावर कुत्र्यालाही पत्ता नाही: मूत्राशयाच्या झडपेचा प्रश्न, विशेषतः नसबंदी झालेल्या मादीत. हा शेवटचा प्रकार शिकवण्याचा विषयच नाही, तो डॉक्टरांचा आहे.

आधी व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरांकडे)

पहिल्या आठवड्यातच लघवी आणि शीचा नमुना तपासून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, पोटातले जंत यातलं काहीही असलं तर जगातला कुठलाही सराव उपयोगी पडणार नाही. कुत्रा किती पाणी पितो तेही मोजा. वाडग्यात मोजून पाणी ओता आणि 24 तासांनी उरलेलं मोजा. वजनाच्या दर किलोमागे 100 मिलिलीटरपेक्षा जास्त जात असेल, म्हणजे 10 किलोचा कुत्रा दिवसाला लिटरच्या वर पीत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. शू कमी व्हावी म्हणून पाणी मात्र तोडू नका.

नर कुत्रा पुन्हा पुन्हा पाय वर करतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मार्ग अडकलेला असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

घर लहान करा

आल्या दिवशी सगळं घर मोकळं सोडणं ही सर्रास होणारी चूक. आपल्याला ते प्रेम वाटतं. कुत्र्यासाठी मात्र ते अनोळखी वासांचं मोठं मैदान असतं, जिथे लपायलाही जागा नाही. पहिले काही आठवडे एकच खोली, नाहीतर खोलीचा एक भाग. बाळांसाठी मिळणारं दाराचं फाटक यासाठी उत्तम. त्या खोलीत अंथरूण भिंतीला टेकून ठेवा, पाण्याचं भांडं ठेवा, आणि गालिचे, पायपुसणी गुंडाळून ठेवा, कारण मऊ आणि पाणी शोषणारी जागा बऱ्याच कुत्र्यांना शू करायला सोयीची वाटते. वायरी, बूट, औषधं, रिमोट, बॅटऱ्या, मोजे, सुया-दोरे त्याच्या तोंडापासून उंचावर.

तुम्ही घरात असताना तो नजरेसमोर हवा. दोन मीटरचा हलका पट्टा हार्नेसला (छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला) लावून दुसरं टोक तुमच्या कमरेला बांधलं तरी चालतं, पण भेदरलेल्या कुत्र्याला त्याने दडपण येत असेल तर सोडून द्या आणि फाटकावर भागवा.

पिंजऱ्याबद्दल मतं तीव्र असतात. कुत्रा स्वतःहून आत जाऊन झोपत असेल तर पिंजरा चांगला. त्यात उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. पण निवाऱ्यात महिनोन्महिने कोंडलेल्या कुत्र्याला बंद दाराचीच दहशत असू शकते. गजांवर दात घासणं, नखं तुटणं, छाती लाळेने भिजणं यातलं काहीही दिसलं तर त्या दिवसापासून पिंजऱ्याचं दार बंद करायचं नाही. तसंच रेटत राहिलं तर दात मोडतात, आणि भीती पिंजऱ्यापुरती न राहता घरभर पसरते.

शी-शूचा रोजचा क्रम

जेवण दोन ठरावीक वेळी द्या आणि वीस मिनिटांनी भांडं उचला. आत जाण्याची वेळ ठरली की बाहेर येण्याचीही ठरते. पहिल्या आठवड्यात तो जागा असताना दर दोन तासांनी बाहेर न्या. शिवाय झोपेतून उठल्याबरोबर, जेवल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. पिल्लाचा ढोबळ हिशेब असा: जितके महिन्यांचं, त्यात एक मिळवून तितके तास, तेही फार तर. प्रौढ कुत्रा धडधाकट असला तरी त्याला दिवसा सहा तासांहून जास्त रोखायला लावू नका.

बाहेर नेताना पट्टा असायलाच हवा, मागचं अंगण चारही बाजूंनी बंद असलं तरीही. नवा कुत्रा बिथरला की मागे सरकून गळ्यातल्या पट्ट्यातून डोकं काढून घेतो आणि धूम ठोकतो. म्हणून गळ्यात पट्टा आणि अंगात नीट बसणारा हार्नेस, दोन्हीला जोडलेला दोर. हार्नेसखाली दोन बोटं जातील इतपत सैल, त्याहून जास्त नाही.

रोज त्याच जागी जा आणि उभे राहा. बोलू नका, ओढू नका, फोन बघू नका, त्याच्याकडे टक लावूनही बघू नका. पाच ते दहा मिनिटं द्या. तो बसला किंवा पाय वर केला की एकच शब्द हळू आवाजात म्हणा, ‘शू कर’ किंवा तुमचा जो असेल तो. मात्र त्याचं संपू द्या. मध्येच ‘शाब्बास!’ म्हणून ओरडलात तर बुजरा कुत्रा अर्धवट सोडून देईल आणि उरलेली घरात करेल. संपल्यावर दोन सेकंदांच्या आत, तिथेच, खाऊचा बारीक तुकडा द्या. खाऊ खिशात हवा. घरात येऊन डब्यातून काढून दिलात तर त्याला कळतं ते एवढंच, की दारातून आत आलं की खाऊ मिळतो.

आणि शू झाली की लगेच घरी परतू नका. निदान पाच मिनिटं हुंगत फिरू द्या. शू झाली की फिरणं संपतं हे हुशार कुत्रा तीन दिवसांत ओळखतो आणि मग रोखून धरतो.

दहा मिनिटांत काही झालं नाही तर शांतपणे आत या, त्याला जवळ ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या. ही पंधरा मिनिटं सगळ्यात धोक्याची. नाक जमिनीला लागतं, चाल जलद आणि वेडीवाकडी होते, तो एकाच ठिकाणी वळसे घेतो, मग मागचे पाय किंचित रुंद होतात. वळसे सुरू झाले की तुमच्याकडे दोन-तीन सेकंद असतात.

बाहेर करतच नाही, घरी आला की करतो

भेदरलेल्या कुत्र्यांत ही तक्रार फार ऐकू येते, आणि ती जिद्द समजली जाते. शू करताना कुत्रा काही क्षण हलू शकत नाही, म्हणजे असुरक्षित असतो. गाड्यांचा आवाज, दुसरे कुत्रे, अनोळखी माणसं यांच्यामध्ये त्याचं शरीर सैल होत नाही. घरात आल्यावर सुटकेचा श्वास टाकतो, स्नायू सैल पडतात आणि शू होते. तुमचं घर त्याला सुरक्षित वाटायला लागल्याची ती खूण आहे.

इथे फिरणं वाढवून उपयोग नाही, जागा बदला. पहाटे किंवा रात्री उशिरा, वर्दळ नसताना, भिंतीच्या किंवा झुडपाच्या आडोशाला. खाऊचा तुकडा घेतो का ते बघा. ओळखीचा, आवडता खाऊ नाकाशी धरूनही तोंड फिरवत असेल तर भीती फार आहे, तिथून मागे या. जीभ ओठांवरून फिरणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाशी, पुढचा एक पाय उचललेला, उकाडा नसताना धापा: यातलं काही दिसलं तरी तोच अर्थ.

पायाखालची जमीनही बघा. सिमेंटवर वाढलेला कुत्रा गवत म्हणजे काय ते ओळखतच नाही. गवतावर वाढलेल्याला फरशी परकी. घरात टिपलेल्या शूचा कागद बाहेरच्या जागी ठेवला की वास त्याला वाट दाखवतो. अगदीच जमत नसेल तर गॅलरीत कृत्रिम गवताचा ट्रे ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी तो थोडा थोडा बाहेरच्या जागेकडे सरकवा. काही कुत्रे सुरुवातीला बारा-बारा तास धरून ठेवतात. 24 तास शू झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा.

घरात झालीच तर

डोळ्यांसमोर होताना दिसली तर टाळी नको, ओरडणं नको. ‘चल चल’ म्हणत बाहेर न्या, उरलेली तिथे केली तर खाऊ द्या. नंतर सापडली तर त्याच्याशी काही बोलायचं नाही. नाक घासणं, वर्तमानपत्राने मारणं यातून कुत्रा एवढंच शिकतो की माणसांसमोर शू करणं धोक्याचं. मग तो सोफ्यामागे करतो, आणि बाहेर पट्ट्यावर तुमच्यासमोर करायलाही घाबरतो. म्हणजे जे शिकवायचं होतं तेच बंद पडतं.

‘पण त्याला कळतं, चेहराच सांगतो’, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा ‘अपराधी चेहरा’ तपासला गेला. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध सापडला नाही, संबंध सापडला मालकाच्या रागावण्याशी. काहीही न केलेल्या पण बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तो जास्तच दिसला. मान खाली, कान मागे, नजर चुकवणं म्हणजे ‘मला मारू नका’.

सफाई नीट झाली नाही तर बाकीची मेहनत पाण्यात. आधी जाड कापडाने दाबून टिपा, पुसू नका, पुसलं की पसरतं. मग गार पाणी आणि पुन्हा टिपणं. त्यानंतर प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइम असलेलं क्लीनर, शू जितकी खोल मुरली असेल तितकं खोल मुरेल एवढं ओता. वरवर फवारा मारला की खालच्या थरात वास तसाच राहतो. बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ ओलं राहू द्या आणि आपोआप वाळू द्या. त्याआधी साबण किंवा जंतुनाशक वापरू नका, एन्झाइम निकामी होतात. अमोनियाचं क्लीनर नको, त्याचा वास शूसारखाच. शूवर ब्लीच तर अजिबात नको, विषारी वाफ होते. वाफेच्या यंत्राने वास उलट पक्का बसतो. जुने डाग अंधारात अतिनील टॉर्चने दिसतात.

पाहुणा आला की शू

ही त्याच्या ताब्यात नसते. घरी आल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं त्याच्याकडे बघू नका. मग त्याच्याकडे बाजू करून बसा, वर ओणवू नका, हात डोक्यावरून नेऊ नका, हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवा. पाहुण्यांना हेच सांगा, आणि पहिली भेट शक्यतो बाहेर घडवा.

नासधूस: कॅमेऱ्याशिवाय निदान करू नका

जुना फोन दाराकडे तोंड करून ठेवा आणि अर्धा तास बाहेर जा. हे एकदाच, निदानासाठी. कुत्रा केकाटायला लागला तर लगेच परत या.

कंटाळलेला कुत्रा आधी झोपतो. तास-दीड तासाने उठतो, आळस देतो, चप्पल शोधतो, निवांत बसून चावतो, पुन्हा झोपतो. धास्तावलेल्या कुत्र्याचं चित्र पहिल्या काही मिनिटांतच वेगळं असतं. दार ते खिडकी, खिडकी ते दार अशा फेऱ्या, कान टवकारलेले, धापा, मग विव्हळणं, मग कडीजवळच्या चौकटीवर नखं. खाऊ भरून ठेवलेलं आवडतं खेळणं तसंच पडलेलं. तुम्ही दार उघडलं की पाच मिनिटांनी तोच कुत्रा ते खेळणं अधाशासारखं चाटायला लागतो. भूक नव्हती असं नाही, घाबरल्यामुळे घशाखाली उतरत नव्हतं.

आणखी दोन शक्यता. वीज कडाडते किंवा मोठे आवाज होतात त्याच दिवशी नासधूस होत असेल तर आवाजाची भीती. चार ते सहा महिन्यांचं पिल्लू असेल तर दात बदलताहेत, 28 दुधाचे जाऊन 42 पक्के येतात, आणि हिरड्या शिवशिवतात.

कंटाळा आणि दात यांवरचा उपाय सोपा: चावायला हक्काच्या वस्तू द्या. पोकळ रबरी खेळण्यात त्याच्याच जेवणाचा भाग भिजवून भरा. सुरुवातीला सैल, सरावल्यावर गोठवून. वस्तू तोंडात पूर्ण मावणार नाही एवढी मोठी हवी, आणि अंगठ्याचं नख दाबून थोडंही रुतत नसेल तर ती दातांसाठी फार कडक. शिजलेली हाडं फुटून टोकदार होतात, देऊ नका. पीनट बटर वापरणार असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते वाचून घ्या, कुत्र्याला ते विष आहे. जेवणाचा एक भाग गवतात किंवा टॉवेलच्या घड्यांत विखरून हुंगायला लावा. नाकाने शोधणं आणि चाटणं यांनी कुत्रा शांत होतो, चेंडूमागे अर्धा तास पळवल्याने बिथरलेला कुत्रा उलट जास्त तापतो. झोपही पुरी हवी, प्रौढ कुत्र्याला दिवसभरात बारा ते चौदा तास.

नको ती वस्तू तोंडात असेल तर ओढू नका, पाठलाग करू नका. खाऊचे चार तुकडे थोडं दूर टाका, तो तिकडे वळला की वस्तू उचला. हिसकावून घेतलेल्या कुत्र्याला पुढच्या वेळी गुरगुरावं लागतं.

एकटं राहण्याचा सराव

धास्ती असेल तर वरची खेळणी पुरणार नाहीत. इथे एकच नियम: घाबरण्याआधी परत यायचं. ‘रडू दे, सवय होईल’ हा सल्ला घातक आहे. पाण्याला घाबरणाऱ्याला बुडवून पोहणं येत नाही.

पहिला आठवडा फक्त खुणा बोथट करण्याचा. किल्ल्या उचला, सोफ्यावर बसा. चप्पल घाला, पाणी पिऊन या. कुत्रा मान वर करेनासा झाला की पुढे. मग दाराची कडी हलवा. दार उघडा, बंद करा. एक पाऊल बाहेर, लगेच आत. दार ओढून एक सेकंद. पुढच्या फेऱ्या चढत्या क्रमाने नकोत, नाहीतर प्रत्येक वेळ आधीच्यापेक्षा वाईट हे त्याला कळतं. 5 सेकंद, 2, 10, 3, 8, 15, 4 असं वरखाली. दोन फेऱ्यांमध्ये मिनिटभर थांबा, तो सैल पडू द्या. दिवसाला एकदा, वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. कॅमेऱ्यात ओठ चाटणं किंवा दाराकडे धाव दिसली की तेवढा वेळ जास्त झाला, पुढची फेरी निम्मी करा.

शून्यापासून अर्ध्या तासापर्यंतचा टप्पा रटाळ असतो, त्यात आठवडे जातात, कधी महिने. त्यापुढे उड्या मोठ्या घेता येतात.

या काळात त्याला सरावापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. सगळ्यात अवघड अट हीच, आणि लोक इथेच हरतात. सकाळी पाच सेकंदांचा सराव आणि दुपारी चार तास एकटा, यात सकाळची कमाई दुपारी बुडते. घरच्यांच्या पाळ्या लावा, नातेवाईक, शेजारी, सांभाळणारी माणसं गोळा करा. बंद गाडीत ठेवणं हा पर्याय नाही, तिथे काही मिनिटांत जीवघेणं तापतं. सोबतीला दुसरा कुत्रा आणल्यानेही सहसा फरक पडत नाही, कारण त्याला हवा असतो माणूस.

पाच सेकंदही जमत नसतील, तो स्वतःला जखमा करत असेल, किंवा महिनाभर प्रामाणिक सराव करूनही वही तीच गोष्ट सांगत असेल, तर औषधाबद्दल व्हेटशी बोला. फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही यासाठी दिली जाणारी औषधं. पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती सरावाबरोबरच चालतात. औषध म्हणजे हार नव्हे. भीतीने थरथरणारा मेंदू शिकू शकत नाही, औषध त्याला शिकण्याइतकं शांत करतं. माणसांची गोळी अंदाजाने कधीही देऊ नका.

काही गिळलं असेल तर

बटणासारखा सेल, औषधाची पट्टी, सुई-दोरा, मोजा, झायलिटॉल, चॉकलेट: लक्षणांची वाट न पाहता फोन. पुन्हा पुन्हा ओकाऱ्या, जेवण बंद, पोट ताठर असेल तर लगेच दवाखाना. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं आतून कापलं जातं.

मोकळीक कधी वाढवायची

सलग चार आठवडे वहीचं पान कोरं राहिलं की एक खोली वाढवा, आधी तुम्ही सोबत असताना, दहा-पंधरा मिनिटं. नव्या खोलीत जेवणाचं भांडं दोन-तीन दिवस ठेवा, जेवायच्या जागी कुत्रे सहसा शू करत नाहीत. चूक झाली तर फाटक पुन्हा लावा, आठवडाभर जुन्या वेळापत्रकावर जा आणि त्या दिवसाच्या नोंदीत बघा: पाहुणे होते, पाऊस होता, फेरी चुकली, की कुणी मोठ्याने भांडलं.